सिनीवालीच्या अकरा कविता

१

सोमवारी सकाळी दत्तप्रसाद लिमये आपल्या शनिवार पेठेतल्या कचेरीत कपाटापुढे उकिडवा बसला होता. कपाटाचा खालचा खण उघडा होता आणि त्यात धुळीखेरीज काही नव्हतं.

श्यामला वर्तक नेमकी तेव्हाच आत आली. ती रोज साडेनऊला यायची, कारण वर्तमानपत्र विकत घेणं तिला उधळपट्टी वाटे आणि दत्तप्रसादकडे तीन वर्तमानपत्रं येत. महापालिकेच्या जन्मनोंदणीत एकतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती. नाकावर चष्मा, हातात छत्री, आणि दुसऱ्याच्या भानगडीत रस घेण्याची सवय. ही सवय काही नोकरीबरोबर सुटली नव्हती.

"ताई, आप्पांचा गठ्ठा गेला," दत्तप्रसाद म्हणाला.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, 'पाणपोई' मासिकाचे संपादक. मासिक बंद पडलं, आप्पाही गेले, आणि दत्तप्रसाद आता त्याच खोलीतून पुस्तकं काढतो. पण 'पाणपोई'चं नाव जुन्या वाचकांच्या तोंडी राहिलं ते एका कवयित्रीमुळे. एकोणऐंशी ते पंच्याऐंशी या सालांत तिच्या अकरा कविता तिथे छापून आल्या. खाली नाव एवढंच, सिनीवाली. ती कोण, कुठली, कुणाला पत्ता नाही. अकरावी कविता आली आणि ती गप्प झाली. आप्पांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. तिची पत्रं आणि हस्तलिखितं त्यांनी लाल फडक्यात बांधली, वर तीन गाठी मारल्या आणि गठ्ठा या खणात ठेवला.

"तू कधी सोडून पाहिला नाहीस?" श्यामलाने विचारलं.

"आप्पांनी मारलेली गाठ कोण सोडणार? आणि गरजही नव्हती. सिनीवाली म्हणजे प्राध्यापिका पूर्णिमा सबनीस, हे वीस वर्षं सगळेच धरून चालले होते. येत्या शनिवारी त्यांच्या नावानं पुस्तक छपाईला जातंय."

"शनिवारी अमावास्या आहे," श्यामला म्हणाली. "पण तू प्रकाशक. तुला रोजचीच."

दत्तप्रसादला हसू आलं नाही. पुस्तकाची जाहिरात वाचून मागच्या आठवड्यात विश्रांतवाडीहून एक म्हातारा बसने आला होता. हिंमतराव वानखडे. ह्या कविता आपल्या बायकोच्या आहेत, असं त्याचं म्हणणं. बायको सातवी शिकलेली, खडकीच्या कारखान्यात कामाला होती, दोन वर्षांपूर्वी वारली. दत्तप्रसादने ठरवलं होतं की आज गाठी सोडायच्या आणि हस्तलिखितं पाहून सोक्षमोक्ष लावायचा.

"चुकीचं नाव छापलं तर आप्पांना तोंड कसं दाखवू?" तो म्हणाला, आणि आप्पा नाहीत हे त्याला मागाहून आठवलं.

"कुलूप?"

"आहे ना. किल्ली त्या खिळ्याला असते."

"छान. म्हणजे चोराला शोधावी लागली नाही." श्यामलाने खुर्ची ओढली. "या खोलीत गेल्या आठवड्यात एकटं कोण बसलं होतं?"

दत्तप्रसादने आठवून सांगितलं. गुरुवारी तो चहा सांगायला खाली गेला, तेव्हा हिंमतराव इथे दहा मिनिटं एकटे होते. शुक्रवारी बँकेत गेला, तेव्हा पूर्णिमाताई मुद्रितं तपासत तासभर एकट्या होत्या. तिसरं कुणी एकटं बसलंच नव्हतं.

२

श्यामलाच्या हाताखालून लाखभर तरी नावं गेली असतील. एका वर्षी सगळ्या मुली एकाच मालिकेतल्या नायिकेच्या नावाच्या निघाल्या होत्या, तेही तिने निमूट लिहून घेतलं होतं. पण सिनीवाली हे नाव तिने नोंदवहीत एकदाही लिहिलं नव्हतं. गठ्ठ्याइतकंच तिला ते नाव छळत होतं. मंगळवारी ती मुकुंदनगरला पूर्णिमा सबनीसांकडे गेली.

पूर्णिमाताई सत्तरीच्या, ताठ, बोलायला गोड. हे नाव निघताच त्यांची कळी खुलली.

"वैदिक सूक्तांत चांदण्याच्या चार देवता येतात," त्या म्हणाल्या. "पुरत्या पौर्णिमेची ती राका. एक कला कमी असते ती अनुमती. अमावास्येला चंद्र अजिबात दिसत नाही ती कुहू. आणि अमावास्येच्या उंबरठ्यावर नखाएवढी कोर दिसते ती सिनीवाली. तिच्याकडे बायका लेकरं मागत. पुढे काव्यात राका पुष्कळ भेटते, सिनीवाली क्वचितच. आणि मुलीचं नाव म्हणून तर कुणी ठेवत नाही. अमावास्येच्या जवळ कोण जाणार?"

"मग तुम्ही कशा गेलात?"

"आमच्या या गच्चीवरून. संध्याकाळी पर्वतीमागे ती कोर बुडताना मी पाहत बसायचे. तेव्हाच ठरवलं की हे नाव घ्यायचं. आधी नाव घेतलं, मग लिहायचं धाडस आलं."

श्यामलाने पहिली कविता मागून घेतली. 'गाठ' तिचं नाव. पूर्णिमाताईंनी ती पाठच म्हणून दाखवली, आणि फार सुंदर म्हटली.

भोंगा व्हायच्या आत
पुलावर गाठ पडली तिची.
नखाएवढी. उद्या नसेल.
मी म्हटलं, जा तू पुढं,
माझा डबा अजून गरम आहे.

"यात भोंगा आहे, डबा आहे. तुम्ही तर कॉलेजात होता," श्यामला म्हणाली.

"कवीला डबा उचलायला कारखान्यात जावं लागत नाही, वर्तकबाई. दत्तप्रसादने सांगितलेला तो वानखडे भला असेल. बायकोच्या पेटीत 'पाणपोई'चे अंक सापडले म्हणून त्याला तसं वाटतं. अंक तर वाचकही जपून ठेवतात. आणि सातवी शिकलेली बाई सिनीवाली हा शब्द आणणार कुठून?"

हा सवाल बिनतोड होता. श्यामला उठली. दारात तिने सहज विचारलं, तुम्ही कविता कशावर लिहीत होतात.

"गुलाबी पाठकोऱ्या कागदांवर," पूर्णिमाताई म्हणाल्या. "हाताला येईल त्यावर. आप्पा त्यावरून फार चेष्टा करायचे."

जिना उतरताना श्यामलाला वाटलं, प्रकरण मिटलं. हस्तलिखितं गाठींच्या आत होती. कागदाचा रंग लिहिणारीशिवाय कुणाला कळणार?

३

बुधवारी विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये तिला हिंमतराव भेटले तेव्हा ते खिडकीत बसून मेथी निवडत होते. वय अठ्ठ्याहत्तर. पुण्यात पन्नास वर्षं काढूनही अकोल्याची बोली त्यांनी सोडली नव्हती.

"मले पैसे नको, सत्कार नको," ते म्हणाले. "पुस्तकावर इंदूचं नाव पायजे. तिनं उभ्या जन्मात सोतासाठी काही मागतलं नाई. हे मी मागतो."

"तुम्ही तिला लिहिताना पाहिलंत?"

"पाहिलं ना. तव्हा आमी दापोडीले राहत होतो. इंदूची सहाची पाळी, पाचले घर सोडे. नदीचा पूल ओलांडून खडकीले पायी. संध्याकाळी सैपाक झाला का चुलीपाशी बसून लिहे. मी म्हणो, काय लिहितेस? तर म्हणे, हिशेब."

"तिला नावाचा अर्थ माहीत होता? सिनीवालीचा?"

हिंमतरावांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मले तर नाव नीट म्हणताबी येत नाई, ताई. तिनं एकडाव अंक दाखोला. म्हणे, हे माह्यं नाव. मी म्हटलं, तुह्यं नाव इंदू. तर हासली."

याने काहीच सिद्ध होत नव्हतं. म्हातारा खोटं बोलत नाही असं श्यामलाचं मन सांगत होतं, पण मनाला प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. ती उठणार तेवढ्यात हिंमतराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कागद बी कधी विकत घेतला नाई तिनं. कँटीनचे जुने गुलाबी कागद आणे. एका बाजूनं कोरे."

श्यामला पुन्हा खाली बसली.

गुलाबी पाठकोरे कागद. कालही गुलाबी, आजही गुलाबी. दोघांनाही रंग माहीत होता. खरी लिहिणारी एकच. मग दुसऱ्याने तो रंग पाहिला होता कुठे? गठ्ठ्यातच. म्हणजे या दोघांतला एक खरा आणि दुसरा चोर, आणि कोण कोणता ते तिला अजून सांगता येत नव्हतं.

४

गुरुवारी दिवसभर ती कविता तिच्या डोक्यात फिरत राहिली. तिने भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. शुक्रवारी चतुर्दशी, शनिवारी अमावास्या. म्हणजे सिनीवाली दिसायची ती ह्याच दोन-तीन दिवसांत. वाचून काय होणार, बघून यावं, असा विचार करून ती संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर चढली. चौसष्ट वर्षांच्या बाईला कोर बघण्यासाठी चार मजले चढायला लावणारं नाव तसं धन्यच म्हणायचं.

सूर्य बुडाला. पश्चिमेला आभाळ स्वच्छ होतं. कोर कुठेच नव्हती. अंधार पडेपर्यंत ती थांबली, शेजारच्या ऋतुजाने "काकू, काय हरवलं का?" म्हणूनही विचारून घेतलं. चंद्र काही दिसला नाही.

मग तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी दिसते ती बिजेची कोर. भाऊबिजेला ओवाळताना आपण बघतो ती. ती उद्या मोठी होते. अमावास्येकडे निघालेला चंद्र संध्याकाळी आभाळात नसतोच. तो उगवतो पहाटे, सूर्याच्या जरासा आधी.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून ती पुन्हा वर गेली. पूर्वेला छपरांच्या वर ती कोर होती. खरंच नखाएवढी, आणि इतकी फिकट की उजाडताना पुसून जाईल असं वाटावं. श्यामलाने कविता पुन्हा मनात म्हटली. उद्या नसेल. डबा अजून गरम आहे. घरी परतणाऱ्या बाईचा डबा गरम कसा असेल? ती कामाला निघाली होती. दापोडीहून खडकीकडे, पूल ओलांडून, उगवतीच्या दिशेने. म्हणूनच कोर तिच्या पुढे चालली होती.

पूर्णिमाताईंनी शब्दाचा अर्थ पुस्तकातून अचूक उचलला होता. आभाळ मात्र त्यांनी कधी वर मान करून पाहिलं नव्हतं.

तरीही एक गाठ उरली होती. सातवी शिकलेली इंदू हा शब्द आणणार कुठून? गच्चीवरून उतरताना तिला आपलं जुनं टेबल आठवलं. बाप बाळाची नोंद करायला यायचा तेव्हा नावाचा रकाना बहुधा रिकामाच असायचा. बाळ आधी जन्माला येतं, नाव मागून लागतं. आणि कुठलंही बाळ आपलं नाव आपण ठेवत नाही, ते दुसऱ्यानेच ठेवलेलं असतं.

साडेनऊची वाट न बघता ती आठलाच कचेरीत जाऊन थडकली. "एकोणऐंशीचा बांधीव खंड काढ," तिने दत्तप्रसादला फर्मावलं. "पहिली कविता ज्या अंकात आहे त्याच्या आधीचा अंक."

दत्तप्रसादने पानं उलटली. शेवटच्या पानावर नेहमीची चौकट होती, पुढील अंकात काय वाचाल याची. कथा, लेख, पाककृती, आणि सगळ्यात खाली, 'एका अनामिक भगिनीची कविता, गाठ'.

"कविता आप्पांच्या हातात आली तेव्हा तिच्याखाली नाव नव्हतं," श्यामला म्हणाली. "आप्पांनी कविता वाचली. पहाटेची कोर, नखाएवढी, उद्या नसणारी. त्यांना शब्द माहीत होता. त्यांनीच बारसं केलं."

दत्तप्रसादने चौकटीवर बोट ठेवलं. "पण पूर्णिमाताई तर म्हणतात, आधी नाव घेतलं आणि मग कविता लिहिली."

"हो ना," श्यामला म्हणाली. "चल, छत्री घे. ऊन लागेल."

५

पूर्णिमाताईंनी सगळं ऐकून घेतलं. अंकातली चौकट पाहिली, कोरेचं ऐकलं. मध्येच एकदा त्यांनी गच्चीच्या दाराकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या आणि लाल फडक्यातला गठ्ठा आणून त्यांनी टेबलावर ठेवला. तिन्ही गाठी सुटलेल्या होत्या.

"मीच सिनीवाली असं सुरुवातीला मी कधीही म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी एका सभेत कुणीतरी विचारलं, तुम्हीच का त्या? मी हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणायला तेव्हा एक क्षण पुरला असता. नंतर मात्र रोज अवघड होत गेलं."

"पुस्तकावर नाव घालायला तर होकार दिलात," दत्तप्रसाद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"दिला. तीस वर्षं मी त्या कविता शिकवल्या, दत्तप्रसाद. स्वतः एक ओळ लिहिता आली नाही. या माझ्याच आहेत असं वाटायला लागलं होतं मला." त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज त्यांनी सांभाळला. "वानखडे येऊन गेल्याचं तुम्ही सांगितलंत तेव्हा घाबरले. गठ्ठा नेला तो जाळायला. जाळवला नाही."

श्यामलाला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती, आणि दोन्हींपैकी एकही पुरती येईना. तिने कागद चाळायला घेतले. गुलाबी, पाठकोरे, पेन्सिलीने लिहिलेले. दुसऱ्या कवितेसोबत एक ओळ होती, 'नाव कोणाचं टाकलं ते कळलं नाही, पण वाचायला गोड आहे. असू द्या.' पत्रांखाली सही मात्र कुठेच नव्हती. सगळीकडे 'आपली वाचक भगिनी'.

"इंदूबाईंचं नाव एकाही कागदावर नाही," दत्तप्रसाद हळूच म्हणाला. "लोक म्हणतील, एका खोटीच्या जागी दुसरा खोटा आणून बसवला."

"आहे, एका कागदावर आहे," पूर्णिमाताई म्हणाल्या. "सगळ्यात खाली. शेवटचं पत्र. त्यावर तिची सही आहे, पत्ताही आहे. पण ते आधी वाचा, आणि मग मला सांगा, त्या म्हाताऱ्याला ते दाखवण्याची छाती तुम्हाला आहे का."

श्यामलाने पत्र वाचलं. सात-आठ ओळींचं होतं. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसली.

६

संध्याकाळी दोघं विश्रांतवाडीला पोहोचले. हिंमतरावांनी दत्तप्रसादला खुर्ची दिली, श्यामलाला पाणी आणलं आणि समोर बसून वाट पाहू लागले. घाई केली नाही.

"कविता इंदूबाईंच्याच आहेत," श्यामला म्हणाली. "आम्हाला पटलंय. पण जगाला पटवायला एकच कागद आहे, त्यांच्या सहीचं पत्र. त्यात त्यांनी एक गोष्ट लिहिलीय आणि ती तुम्हाला कळू देऊ नका असंही लिहिलंय. ते पत्र न वापरता काही जमतंय का, हे आम्ही वाटेत येताना खूप शोधलं. जमत नाही. म्हणून तुम्हीच सांगा."

"तिचं नाव हाय त्यात?"

"आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेलं."

"मंग द्या."

त्यांनी पत्र खिडकीशी नेलं. अक्षर ओळखीचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ओठ हलवत, एकेक शब्द लावत ते वाचू लागले.

'संपादक साहेबांस नमस्कार. ही कविता शेवटची. ह्यांनी साहेबाच्या पाया पडून माझी पहिली पाळी बदलून घेतली. मला झोप मिळावी म्हणून. आता नऊला जाते, सगळ्यांसंगं, उजेडात. पुलावर गर्दी असते. पहाटे एकटी चालायची तेव्हा ओळी यायच्या, आता येत नाहीत. घरी खूप बसून पाहिलं. ह्यांना हे कळू देऊ नका, त्यांनी मायेनं केलं. तुमची, इंदू हिंमत वानखडे, दापोडी.'

हिंमतरावांनी पत्र दोनदा वाचलं.

"महिनाभर मागं लागलो होतो साहेबाच्या," ते म्हणाले. "ज्या दिवशी पाळी बदलली, मी पेढे आणले. तिनं खाल्ले बी." त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "सकाळी ती डोये मिटून पडून राहे. मले वाटे, चांगली झोपली हाय. मी पाय न वाजोता चहा करो."

श्यामलाने आयुष्यात शेकडो बापांना, नवऱ्यांना नाव काय लिहू, असं विचारलं होतं. इथेही विचारायचं तेच होतं. विषय दत्तप्रसादनेच काढला.

"कव्हरवर इंदूबाईंचं पूर्ण नाव घेतो," तो म्हणाला. "खाली कंसात सिनीवाली. या पत्राची फक्त सही दाखवू. बाकीचा मजकूर झाकून टाकतो."

"झाकू नका," हिंमतराव म्हणाले. "सबन छापा. शेवटच्या पानावर. इतके वर्सं लोक इचारतात ना, थांबली काहून? त्यायले कळू द्या."

"अहो, पण त्यांनी स्वतः लिहिलंय, कळू देऊ नका म्हणून."

हिंमतरावांनी पत्र त्याच्या हातात दिलं आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"मले कळू देऊ नका म्हटलं तिनं," ते म्हणाले. "लोकायले नाई."